अंगठा हलवला की पुढे

आई,

आज चिंचवडच्या घरावरून एक मालवाहू विमान लोहगावकडे गेलं आणि तुझ्याकडून कळायचं राहिलेलं पुन्हा डोक्यात घुसलं. नसत्या चौकशा करते म्हणून तू मला रागवायचीस. अगं, पण एकाहत्तरच्या लढाईत तू नर्स म्हणून जखमी जवानांना विमानातून पुण्याला आणायचीस, आणि आम्हाला सांगायचीस काय, तर "थंडी फार वाजायची"! मग चौकशी नको करू तर काय करू?

अंगठ्याचं तेवढं सांगितलं होतंस. इंजिनांच्या घरघरीत कुणाचं कुणाला ऐकू येत नसे. स्ट्रेचर एकावर एक टांगलेली. म्हणून फेरी मारताना तू प्रत्येकाच्या पायाचा अंगठा दाबायचीस. त्यानं हलवला की पुढे. लढाई संपून पिंपरीला कंपनीच्या दवाखान्यात लागलीस, तरी सवय गेली नाही. शाळेसाठी आम्हालाही अशीच उठवायचीस. मी मुद्दाम अंगठा हलवत नसे. एकदा केवढी खवळलीस! "हलव म्हणते ना!" मला कळेचना, एवढं काय झालं हिला.

मग एका रविवारी पुनावळ्याचे ते माजी जवान कुबडी टेकत, शेंगांची पिशवी घेऊन आले. दवाखान्यात त्यांनी तुला ओळखलं होतं. तू आत स्वयंपाकात, आणि ते बाहेर मला सांगतायत, "माझ्या खालच्या स्ट्रेचरवरचा पोरगा लई बडबड्या. इमानात चढवस्तवर गाणी म्हणत हुता. बाई दर फेरीला त्याचा अंगठा दाबायच्या, आमच्याकडं बघून हसायच्या. आमी म्हणलं, गडी बरा हाय. उतरल्यावर कळलं, त्यो वाटंतच गेला हुता. बाईंनी आमाला कळू दिलं न्हाई बघा. त्येच्यावरच आमी तगलो."

तुला माहीत होतं ना गं, तो गेलाय ते? की प्रत्येक फेरीला खरंच वाटायचं, आता हलवेल? माझ्या आत्ताच्या वयापेक्षा लहान होतीस तू तेव्हा. बाकीच्यांना धीर देत होतीस की स्वतःलाच, हे मला अजून समजलेलं नाही, आणि समजल्याशिवाय तुझी पुरती ओळख झाली असं वाटत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, राहील कपाटात. त्या रविवारी ते जवान घरी परतल्यावर मी तुला विचारलंच होतं. तू पाठमोरी होतीस. "भाजी करपेल, ढवळ आधी," म्हणालीस. स्टोव्ह केव्हाच विझला होता, मला दिसत होतं. तरी मी भाजी ढवळत राहिले.