आईच्या पाठीचं

कन्हेरी,
रविवार, दुपार

प्रिय आशू,

फोन केला की तू म्हणतेस, "अण्णा, पेशंट आहे, नंतर बोलते," आणि ते नंतर काही येत नाही. तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. पण मला सांगायचंय ते दोन मिनिटांत उरकणारं नाही, आणि फोनवर तर मला ते जमणारच नाही. म्हणून वही घेऊन ओसरीवर बसलोय. जरा थकलोय. सकाळपासून गाईची धार, भांडी, कपडे, मधून मधून तुझ्या आईला उठवून बसवणं. इतकी वर्षं ही कामं घरात आपोआप होतात असं वाटायचं मला.

आईचं आधी सांगतो. पाठीला पट्टा बांधून ती दिवसातून दोनदा फाटकापर्यंत जाते. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, मणके आणखी दबलेले नाहीत, औषध लागू पडतंय. पाठीचा बाक मात्र राहिलाय. फळीवरच्या डब्यांपर्यंत तिचा हात पोचत नाही, म्हणून सगळे डबे मी खाली ओट्यावर मांडलेत. भाकरी मीच थापतो. ती पलंगावरून सांगते, "पाणी जास्ती झालं, आता थापताना फाटंल बघा." फाटते. तशीच खाते बिचारी, नावं ठेवत नाही.

माझी पाठ ठणठणीत आहे. एकतीस वर्षं एसटी चालवली, इंदापूर, भिगवण, मोरगाव, एका रस्त्याचा खड्डा चुकला नाही. रिटायर झालो तेव्हा वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. तू तेव्हा नुकतीच फिजिओथेरपीनंतरचं ते कायरोप्रॅक्टिक, हाताने मणके सरळ करायचं, शिकून आली होतीस आणि गावात म्हणायचे, ड्रायव्हरची पोरगी हाडं मोडायला शिकलीया. तू आधी एक्स-रे काढायला लावलास, मग मला चटईवर पालथं झोपवून हात ठेवलास. सहा महिने दर पंधरवड्याला पुण्याहून येत राहिलीस. मी कंटाळलो की म्हणायचीस, "अण्णा, गाडी बंद पडेपर्यंत वाट बघत होता का? ठरल्या तारखेला डेपोत नेतच होता ना? पाठीचंही तसंच." ते मला पटलं. व्यायाम अजून चुकवत नाही. आई दारात उभी राहून बघायची आणि हसायची. तिला चटईवर झोप म्हणून कुणी म्हटलं नाही. तूही नाही, मीही नाही. हे आता दिसतंय.

फेब्रुवारीत तू इथल्या शाळेत पाठ तपासायचं शिबिर घेतलंस, तो दिवस मला सारखा आठवतो. चौसष्ट माणसं आली होती. बिरदेव मेंढ्या सोडून आला आणि दारातूनच म्हणाला, "माझं काय दुखत न्हाय, मग दावायचं कशाला?" तू म्हणालीस, "दुखत नाही तोवरच दाखवायचं, मामा." सगळे हसले, पण तो बसला. वयस्कर बायकांना तू वेगळं काढून विचारत होतीस, उंची कमी झाल्यासारखी वाटते का, उचलताना कधी चमक भरली का. त्यांतल्या तिघींच्या पाठीला तू हातही लावला नाहीस. "ठिसूळ हाडांवर मी जोर देत नाही," म्हणालीस, आणि त्यांना तपासणीसाठी चिठ्ठ्या लिहून दिल्यास. मी मागे खुर्चीवर बसून हे सगळं अभिमानाने बघत होतो. आई घरातून चहाची किटली आणत होती, रिकामी झाली की पुन्हा नेत होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच तू निघालीस, दवाखाना होता म्हणून.

जूनमध्ये ती कळशी उचलायला वाकली ती तिथंच बसली. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, एक मणका आत्ता दबलाय, दुसरा चार-पाच महिन्यांपूर्वीचा आहे. तू रातोरात आलीस. खिडकीच्या उजेडात तो एक्स-रे धरून किती वेळ उभी होतीस. मग आईला विचारलंस, "कधीपासून दुखतंय?" आई म्हणाली, "परवापासनं." तू पुन्हा एक्स-रेकडे बघितलंस. तू मनात फेब्रुवारीपर्यंत महिने मोजलेस, ते मला कळलं.

त्यानंतर तू आलीस ती पाहुण्यासारखी. औषधं ठेवलीस, पट्टा बघितलास, गेलीस. परवा जावईबापूंचा, मिहिररावांचा फोन आला होता. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. तू शिबिरं बंद केलीस म्हणे. इंदापूरच्या बायकांच्या गटाने तीनदा बोलावलं, तिन्हीदा नाही म्हणालीस. मिहिरराव समजवायला गेले तर म्हणालीस, "जिला स्वतःच्या आईची पाठ दिसली नाही, तिने दुसऱ्यांच्या बघू नयेत." हे ऐकल्यापासून माझा जेवणात जीव नाही.

तर आता लिहितो. शिबिराच्या दिवशी दुपारी आई किटली घेऊन माझ्यापाशी आली होती. त्याच्या तीन आठवडे आधी पेंडीचं पोतं सरकवताना तिच्या पाठीत चमक भरली होती. तिने घरात ते दोनदा सांगितलं होतं, मी बाम लाव म्हणालो होतो. त्या दिवशी ती हळूच म्हणाली, "आशूला इचारू का? मी बी बसते रांगंला." आणि मी म्हणालो, "लोकं खोळंबल्यात. घरचं माणूस रांगेत बसलं तर बरं दिसंल का? पोरगी काय पळून चाललीय?" ती बरं म्हणाली आणि किटली घेऊन गेली. तू तिला बघितलं नाहीस कारण ती तुझ्यासमोर आलीच नाही, आणि ती आली नाही कारण मी येऊ दिलं नाही. "परवापासनं" हे ती माझ्यासाठी खोटं बोलली. तू माझ्याशी बोलायचं सोडशील याची तिला भीती होती. मी तिथंच उभा होतो आणि गप्प बसलो, चार महिने गप्प बसलो, तुझं मन तुला खात होतं तरी. काल रात्री तिला सांगितलं की मी आशूला लिहिणार आहे. तिने भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "लिवा. पोरीचं काम नगा थांबवू." तू इंदापूरला जा. तिथं किटली घेऊन फिरणाऱ्या बाईलाही बसव. आणि मग घरी ये. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, आईपाशी बस.

तुझाच,
अण्णा