भरून परत आलेलं भांडं

५ सप्टेंबर १९६४
नेब्रास्कातल्या या गावात बिऱ्हाड लावलं. माझी शाळा अर्धवट सुटली होती, पण वाचत राहिले आणि ग्रंथालयात नोकरी मिळाली. माझ्या मुलाला, रॉल्फला, त्याची खोली आवडली. सामान उतरतंय तोवर शेजारच्या हुल्डाबाई काचेच्या पसरट भांड्यात सायीतला मासा भाजून घेऊन आल्या. भांड्याच्या तळाला खालून चिकटपट्टीवर त्यांचं नाव. "रिकामं परत केलंस तर गाव नावं ठेवेल हं!" दोघी हसलो. मीही माझ्या भांड्याखाली नाव चिकटवलं.

१२ फेब्रुवारी १९६५
पलीकडच्या इर्माचा मुलगा व्हिएतनाममध्ये 'सल्लागार' आहे. आपली माणसं तिथे फक्त सल्ला देतात, असं पेपर म्हणतो. माझा नवरा एमिल कोरियात गेला तेव्हाही ते युद्ध नव्हतं, 'पोलिसी कारवाई' होती. त्यातून तो परत आला नाही.
मंगळवारी हुल्डाबाई इर्माकडे भरलं भांडं घेऊन गेल्या. कुणी आजारी नव्हतं. आज इर्माच्या दारात लष्कराची गाडी आली, मुलगा गेल्याची खबर घेऊन.
योगायोग.

१९ एप्रिल
आता विमानतळ राखायला फौज गेली आहे. मग त्या फौजेला राखायला आणखी.
आणखी एका घरी आधी भांडं गेलं, मग गाडी. हुल्डाबाईंना सरळ विचारलं, तुम्हाला आधी कळतं कसं? त्या शांतपणे हात पुसत म्हणाल्या, "कळायचं काय त्यात, व्हायोला? हात आपोआप करतात. मुलं तर जाणारच. निदान जेवण तरी गरम असावं."
मुलं जाणारच! मी तशीच उठून निघाले.
घरी आले तर रॉल्फ म्हणाला, "आई, मी सैन्यात नाव नोंदवून आलो. सगळेच जातायत गं."
मी खूप बोलले. त्याने ऐकलं नाही.

८ नोव्हेंबर
रॉल्फ तिकडे पोचला. आज भानावर आले तेव्हा ओव्हनमधून मासा बाहेर काढत होते. करायचं ठरवलंच नव्हतं. पाय समोरच्या लेनाच्या दारी गेले. तिचा मुलगा आर्विडही तिकडेच आहे. तिने हसून भांडं घेतलं, आभार मानले. मी घाईने घरी परतले.
हाताचा वास जात नाही.

११ नोव्हेंबर
लेनाकडे गाडी आली.

२८ नोव्हेंबर
गावभर तोच वास, आंबट सायीचा. चर्चच्या स्वयंपाकघरात भांड्यांची चळत लागली आहे. बायका बटाटे सोलत गप्पा मारतात. युद्ध हा शब्द कुणी काढत नाही. मीही नाही.

६ डिसेंबर
पायरीवर भांडं. गरम. रस्त्यावर कुणी नाही.
उलटून पाहिलं. माझंच नाव.
लेनाने परत केलंय. रीतच आहे, भरून परत करायचं. तेवढंच. दुसरं काही—
हुल्डाबाई खिडकीत उभ्या. हात पुसताहेत.

७ डिसेंबर
ओतून टाकलं. घासलं. आज पायरीवर पुन्हा भरलेलं. अजून गरम—

८ डिसेंबर
गाडी हळू झाली आहे. घरांचे नंबर बघतायत. लेनाकडे नाही, तिचं तर झालं—
हुल्डाबाईंना मुलगाच नाही—
दार उघडणार नाही. मी दार उघडत नाही, तोवर रॉल्फ जिवंत