पायांच्या आगीची गोळी

जर्का, २ जुलै

इन्शिराहताई,

आधी सलाम, मग भांडण. गेल्या खेपेला फोन मी आपटला म्हणतेस, पण "तिकडे बसून मला शहाणपण शिकवू नकोस" हे आधी कोण म्हणालं? आणि खलफकाका शेजारी बसून ऐकताहेत, हे सांगायला तुझी जीभ झडली होती का? त्यांच्या देखत मी तुला विचारलं, "बाबांच्या तोंडात काय मारलंस?" आता ते गावभर तेच सांगत फिरतात. तिचा सख्खा भाऊच असं विचारतो म्हणे. शाकिरच्या बायकोने त्याला सांगितलं, त्याने मला. शाकिर गुरुवारी इथून आपल्या मिन्याला यायला निघतोय. पत्र त्याच्याच हाती देतोय.

मी बरा आहे. बेकरी सोडली. आता दगड कापायच्या कारखान्यात आहे. हस, हस. दगडाच्या ज्या पांढऱ्या धुळीने बाबांची छाती खाल्ली तिच्यातच येऊन पडलो. पण इथे करवतीवर पाणी सोडतात, तोंडाला बांधायला फडकंही देतात. मी बांधत नव्हतो. आता बांधतो.

बाबांच्या चाळिसाव्याला आलो नाही. मुकादमाने रजा दिली नाही असं तुला सांगितलं होतं. ताई, मी रजा मागितलीच नव्हती.

आईला काकांनी त्यांच्या घरी नेलं हे खरं का? आणि तुझ्या हातचं पाणीसुद्धा तिला द्यायचं नाही म्हणतात? शाकिर म्हणाला, इस्पितळातला डॉक्टर म्हणे, "दुसऱ्या औषधाशी जमलं नसेल." काकांनी तुझ्या हातात दम्याचा पंप पाहिला होता. झालं. दुसरं औषध म्हणजे तोच, आणि मारणारी तू.

मला राहवलं नाही. कारखान्याजवळ औषधांचं दुकान आहे, तिथल्या बाईला जाऊन विचारलं. बाबांच्या पायांची आग व्हायची, त्याची ती लाल-पांढरी गोळी, तिचं रिकामं पाकीट त्या बाईपुढे ठेवलं.

ती म्हणाली, "छाती आधीच निकामी असेल तर या गोळीने श्वास आणखी मंद होऊ शकतो. किती घ्यायचे?"

"सकाळी एक, संध्याकाळी एक. पण रोज्यात दोन्ही एकदम, मगरिबला, रोजा सोडताना."

"एकदम? आणि पंप?"

"दिवसभर नाही. पंपाने रोजा तुटतो म्हणायचे."

ती डोक्याला हात लावून बसली. मी विचारलं, "मग शेवटी पंप मारला, त्याने घात झाला का?"

"अरे, पंप श्वासाची वाट उघडतो. मी तिथे नव्हते, शपथेवर नाही सांगणार. पण तुझ्या बहिणीने दुसरं काय करायला हवं होतं? आणि दोन एकदम घ्यायला सांगितलं कोणी?"

मी पाकीट उचललं आणि बाहेर आलो. तिने हाक मारली, "हे तुझ्याकडे कसं आलं रे?" मी मागे पाहिलं नाही.

ताई, इथून पुढचं तू वाचू नकोस. तू वाचलंस तर म्हणतील, मनानेच रचून वाचते. शाळेच्या अनीसमास्तरांना काकांच्या घरी घेऊन जा. आई असू दे, सगळे असू देत. मास्तरांनी मोठ्याने वाचावं.

काका, मी रजब. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांचा मला फोन आला होता. म्हणाले, "सकाळची गोळी रोज्यात कशी घेऊ रे? इन्शिराह म्हणते डॉक्टरला विचारू." मी कामावर होतो, डोकं तापलेलं होतं. मी म्हटलं, "तिचं काय ऐकता, ती शिंक आली तरी डॉक्टर डॉक्टर करते. मगरिबला दोन्ही एकदम घेऊन टाका, झोपही लागेल." बाबा हसले. म्हणाले, "माझा पोरगा डॉक्टर झाला."

आणि काका, मला माहीत होतं. तीच गोळी मी पाठ दुखते म्हणून खातो. इथे निम्मी पोरं खातात. एकदा दोन घेतल्या तर बसल्या जागी असा झोपलो की मुकादमाने बादली ओतली तेव्हा डोळे उघडले. माझी छाती धडधाकट आहे, म्हणून उघडले. हे बाबांना सांगायचं राहिलं असं नाही. मी सांगितलं नाही. फोन लवकर संपवायचा होता.

बाबांच्या शेवटच्या दिवशी इफ्तार झाल्यावर ते भिंतीला टेकून झोपले. तुम्ही सगळे म्हणालात, रोजा लागलाय, झोपू द्या. एकटी ताई म्हणाली, "ओठ बघा, निळे पडलेत." हाताशी बाबांचा पंपच होता, तिने तो त्यांच्या तोंडात मारला. फोनवर मी तिला जे विचारलं ते माझं मला विचारायचं होतं. तोंडातून तिचं नाव गेलं.

आईला तिच्याकडे परत पाठवा. शिव्या द्यायच्या तर मला द्या, रोज द्या, मी फोन उचलेन.

मास्तर, पुरे. आता पत्र ताईला द्या.

ताई, गोळी सोडायची म्हणतो. ती बाई म्हणाली एकदम सोडू नकोस, कमी कमी कर. रोज तिच्या दुकानात जाऊन उरलेल्या गोळ्या दाखवायला सांगितलंय. जातो. तू माफ कर म्हणून लिहिलं होतं, ते खोडलं. ते तुझ्यावर.

बाबांच्या पंपासाठी दर महिन्याला पंचवीस दिनार वेगळे काढायचो. या महिन्यातही पगार हातात आला आणि बोटांनी ते आपोआप वेगळे काढले. परत त्यात मिसळवेनात. शंभर घरचे, पंचवीस ते. शाकिरकडून मोजून घे, एकशे पंचवीस.

रजब