एकच अर्ज

प्रिय एझिने,

तुझ्यावर मी चिडले आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढे गोड बोलायचं सोंग करावं लागणार नाही. सिकलसेलच्या मुलांच्या आईबापांचा आपला ऑनलाइन गट तूच एनुगूत बसून उभा केलास. आता त्याच्या कार्यकारिणीची निवडणूक आहे आणि अध्यक्षपदाला परवापर्यंत अर्ज होता एकच, ओकवुडिलीचा. हो, तोच, बाटलीत पाल्याचा रस भरून विकणारा आणि मुलांना रक्त चढवू नका म्हणून आयांना सांगणारा. तो बिनविरोध आला तर सगळा गट त्याच्या हातात जाईल. कुणाचं लेकरू कळांनी तळमळत असेल, आई गटावर रक्तदाता मागेल आणि हा तिला बाटली दाखवेल.

त्याच्याविरुद्ध उभं राहा म्हणून मी काय कमी लोकांच्या हातापाया पडले? ओगोना बाईंना शिव्या खायच्या नाहीत. डॉक्टर इलोकांना वेळ नाही. बाकीच्यांचा तोरा तुला ठाऊकच आहे. स्वतःहून नाव देणं म्हणजे हावरटपणा. कुणीतरी घरी यावं, रीतीप्रमाणे मानाची कोलाची बी फोडावी, दोनदा नाही ऐकून घ्यावं, मग हे हो म्हणणार. अगं, गट मोबाइलवर, माणसं लागोसपासून लंडनपर्यंत. कोला घेऊन कुणाकुणाच्या दारात जाऊ? ओकवुडिलीला असली लाज नाही. चांगली माणसं बोलावण्याची वाट बघत बसली आणि त्याने खुर्ची ओढून घेतली.

तुझ्या दारात मात्र मी आले होते, कोला घेऊन. तू दार पुरतं उघडलंही नाहीस. "मी आता कुणाची आई म्हणून तिथे बसू?" एवढंच म्हणालीस. परत येताना मी बसमध्ये सगळ्यांदेखत रडले. सोम्तो गेला तेव्हापासून गटातल्या बायकांनी तुला 'सोम्तोची आई' म्हणणं सोडलं. तुला लागू नये म्हणून. मग काय म्हणायचं ते कळेना, म्हणून हाकच मारणं बंद केलं. या शहाणपणाची मला भयंकर चीड येते.

म्हणून हे पत्र. काल तुला न विचारता तुझा अर्ज मी भरला. नावाच्या जागी लिहिलं, सोम्तोची आई. अनुमोदन द्यायला बायकांची रीघ लागली आहे. रविवारपर्यंत तुझा होकार हवा. नकोच असेल तर तसं गटावर तू स्वतः लिही. तुझ्या मुलाचं नाव मी खोडणार नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
न्वाकाएगो