पैलवानाची सोनेरी बाटली

पैलवान,

तुझी बायको जिन्यात घेरी येऊन पडली. ओठ पांढरेफटक झालेत. तिला डॉक्टरांकडे घेऊन चाललेय.

ती कधीची म्हणतेय, "गळून गेल्यासारखं वाटतं," आणि तू आपली ती जिममधली खनिजांच्या गोळ्यांची सोनेरी बाटली तिच्यापुढे सरकवतोस. मी ती बाटली खालच्या मेडिकलवालीला दाखवली. ती म्हणाली, "आजी, तिला लोह कमी पडत असेल, तर यात ते औषधालाही नाही. आधी रक्त तपासा, मग गोळी निवडा."

माझी सासू खिळे चावून खायची, एवढी खाष्ट. पण मी पडले तेव्हा तिनंही आधी डॉक्टरच बोलावला.

तुझ्या गोळ्या कुंडीत ओतल्यात. रोपानं दंड थोपटले तर घाबरू नकोस.

आणि आम्ही आल्या आल्या तिच्याकडे चहा मागू नकोस.

— आजी