शेकोटी कोणी विझवली

४ जाने., भिंगार
दुपारी तिसगावहून परत. काल संध्याकाळी रशीदभाईंच्या शेतात शेकोटी. नात मीरा, तिच्या वर्गातल्या तीन मैत्रिणी. पाच काड्या दिल्या, मदत शून्य. आधी कपाशीच्या जाड पऱ्हाट्यांनाच काडी लावली. तीन काड्या वाया. मग वाळका पाला, बारीक काटक्या, दोघी वाऱ्याला आडव्या. पेटली. मीरा म्हणे, घाई केली की आग रुसते. पोरी खूश.

५ जाने.
रशीदभाईंचा फोन. काल आम्ही निघालो आणि तासाभरात कडब्याची गंजी पेटली. अर्धी गेली. म्हशी वाचल्या. शेकोटीचं मीच काढलं. म्हणाले, "ती तर इझवली म्हनला हुता ना तुमी? मग झालं. चाचांचंच काम हाय. बिडी कुठंबी टाकतेत."
चाचा म्हणजे त्यांचे चुलते, ऐंशीच्या घरात.
विझवली म्हणालो खरा. पाहिली नव्हती. पोरींच्या शब्दावर.

६ जाने.
चौघींना वेगवेगळं गाठलं, जुनी सवय. पाणी कोणी ओतलं? चौघींचं एकच उत्तर, शब्दही तेच: "सगळ्यांनी मिळून ओतलं, आबा." इतकं जुळणारं खरं नसतं, बातमीदारीत एवढं तरी शिकलो. शिवाय निघताना शेकोटीजवळ ठेवलेली बादली काठोकाठ भरलेली पाहिल्याचं आठवतंय. मीरा जेवताना ताटातून मान वर करेना.

७ जाने.
शेवटी बोलली. पाणी ओतलंच नाही, राख ओढून झाकली. "तुम्हीच सांगितलं ना, तुमची आई रोज विस्तव राखेत झाकायची?"
सांगितलं होतं. सकाळी काडी न ओढता चूल पेटावी म्हणून झाकायची, हे सांगायचं राहिलं. मध्येच चहा आला आणि मी उठलो. अर्धी गोष्ट सांगून.
आणि 'पाणी ओतलं' हे खोटं? प्रश्नात पाणी मीच घातलं होतं. पोरींनी फक्त 'ओतलं' म्हटलं.
निघालो त्या दिवशी सकाळी वारा होता. राख उडाली असेल. बिडीही असू शकेल. ही शंका मला फार सोयीची आहे, म्हणून तिच्यावरही शंका.

८ जाने.
तिसगावला फोन, म्हशींची चौकशी म्हणून. स्पीकर चालू, मीरा शेजारी. घरच्यांनी चाचांच्या बिड्या, काडेपेटी काढून घेतली. दिवसभर लिंबाखाली बसतात, जेवायलाही आत येत नाहीत. एकच म्हणतात, तिकडं गेलतोच न्हाई. कोणी ऐकत नाही. मी 'हं' म्हणालो, फोन ठेवला.

९ जाने.
मीराला उद्या वर्गात 'शेकोटीतून काय शिकलो' वाचायचंय. तपासायला दिलं. काटक्या आधी, जाड लाकूड नंतर. आगीला श्वास घ्यायला जागा ठेवावी. शेवटी: "राखेखाली विस्तव मरत नाही. हे आम्हाला उशिरा कळलं. चाचांना अजून कोणी सांगितलं नाही."
दोन स्वल्पविराम घातले. शेवटच्या ओळीवर पेन बराच वेळ थांबलं. खोडण्यासारखं काही सापडलं नाही.
वर्गात वाचण्याआधी तिला ते चाचांना ऐकवायचंय. माझा मोबाईल घेऊन समोर उभी आहे, नंबर काढून. म्हटलं, एवढं लिहून होऊ दे.
"मग लवकर लिहा, आबा."