क्वार्कांचा काडीमोड

३ सप्टेंबर, सकाळ
टक् टक् टक्, टक् टक्. कवितेच्या मास्तरांची लाकडी पट्टी टेबलावर. सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणतोय आणि पट्टी वृत्त सांभाळतेय. मध्येच एखादं कार्टं घाई करायचं, यतिभंग व्हायचा, पट्टी थबकायची. आज त्याच आवाजाने जाग आली. बघतो तर बायको कपाटाच्या बिजागरीत खिळा ठोकत होती. तरी शकुन चांगला.

मरून आक्रसलेला तारा असाच ठेका धरून गिरक्या घेतो आणि क्वचित चुकतो. गिरकी एकदम वेग घेते. जग त्याला ग्लिच म्हणतं. मी यतिभंग म्हणतो. हा शब्द पेपरात घालणार. कोणी काढून दाखवावा.

संकल्प: पेपर याच महिन्यात पूर्ण. रोज सकाळी नेमाने बसायचं. आज टेबल आवरण्यात गेला, तो धरायचा नाही.

५ सप्टेंबर
टेबल फार आवरलं गेलंय. काही सापडत नाही.

सगळं एकदा स्वच्छ मांडून ठेवतो. ताऱ्याच्या पोटात दाब इतका की न्यूट्रॉन फुटून आतले क्वार्क मोकळे सुटतात. लंबू, माझा विभागातला जुना जोडीदार, म्हणतो, मोकळे झाले की ते एकमेकांना ओढतात, जोड्या जमवतात, आणि त्या जोड्या कशालाही न अडता वाहतात. सुपरकंडक्टर. एवढ्या भांडवलावर लंबूला मेडलं, पाठ्यपुस्तकात धडा. वास्तविक गणित दोघांचं. पहिलं अर्धं माझं, दुसरं त्याचं. आणि स्वतःच्या निवृत्तीच्या भाषणात माझ्याबद्दल काय बोलला? म्हणे, याचं अक्षर मोत्यासारखं. त्या दिवसापासून बोलणं बंद.

आता माझं अर्धं मी नव्याने केलं. त्याचं ट्रंकेतल्या जुन्या कागदांवरून जसंच्या तसं उतरवलं. सांधलं. उत्तर उलटं. क्वार्क एकमेकांना ओढत नाहीत, ढकलतात. जोडी नाही, सुपरकंडक्टर नाही, लंबू नाही.

वाईट वाटतं त्याचं. तळटिपेत दोन प्रेमाच्या ओळी टाकेन.

८ सप्टेंबर
विभागात जाऊन आलो. विभागप्रमुख माझाच विद्यार्थी. सरळ मुलगा, फक्त प्रश्न विचारायची खोड गेलेली नाही. सोळा तारखेचं सेमिनार मला दिलं. मग विचारतो कसा, सर, चिन्हांचं कन्व्हेन्शन कुठलं घेतलंय, तुमचं की लंबूसरांचं?

त्याचं असं आहे, काही लोक काळाला अधिक आणि अंतराला उणे धरतात, काही नेमकं उलट. दोन्ही चालतं, एका गणितात एकच धरा म्हणजे झालं. मी जन्मभर काळाला अधिक धरत आलो. लंबू हट्टाने उणे. मी म्हटलं, बाळा, अधिक-उणे वाण्याने बघावं, आपण आशय बघावा. हसला. ते हसू मला आवडलं नाही.

येताना नको त्या स्टॉपवर उतरलो. चालता चालता प्रस्तावना अप्रतिम सुचली. घरी येईपर्यंत गेली.

९ सप्टेंबर
बसवत नाही. बसलो तर उठवत नाही. खिडकीची खुर्ची दाराकडे नेली, दाराची खिडकीकडे.

लंबूला आधी कळवणं माणुसकीचं. पेपर जोडून मेल लिहिली: सोळा तारखेला जाहीर करतोय, तू येऊ नकोस, तुला सोसणार नाही. बायकोने खांद्यावरून वाचलं. म्हणाली, अहो, भावोजींना असं लिहितात का, त्यापेक्षा फोन करून विचारा. काय विचारू, म्हटलं. म्हणाली, कसे आहात म्हणून विचारा.

पाठवली.

११ सप्टेंबर
लंबूचं उत्तर: ‘बरं. बघतो.’

दिवसभर याचाच विचार. ‘बरं’मध्ये तुच्छता आहे. ‘बघतो’मध्ये सरळ धमकी. बायको म्हणते, बरं म्हणजे बरं. तिला वाङ्मयाचं अंग नाही.

१२ सप्टेंबर, दुपार
सहज गंमत म्हणून एका ओळीतलं उणे काढून अधिक केलं. सगळं लंबूसारखं आलं. जोड्याच जोड्या. पुन्हा उणे केलं. इतकं सुखासुखी जुळणारं गणित संशयास्पद असतं.

१४ सप्टेंबर
पेपरला शीर्षक दिलं: क्वार्कांचा काडीमोड. विभागप्रमुखाचा फोन, सर, नोटिशीवर हेच छापू का? म्हटलं, ठळक छाप.

भाषणाच्या शेवटी शाळेतल्या दोन कविता म्हणणार. एकीची तिसरी ओळ आठवत नाही. आजचा दिवस त्यातच गेला. शर्टाला इस्त्री मात्र झाली, बायकोने केली.

१६ सप्टेंबर, सकाळ
संपूर्ण तयार. लंबूची फक्त काळजी वाटते. हा धक्का या वयात.

१६ सप्टेंबर, संध्याकाळ
हजर: विभागप्रमुख, काही विद्यार्थी, प्रोजेक्टरवाला, आणि पेन्शनची मीटिंग समजून आलेले एक गृहस्थ. ते शेवटपर्यंत बसले, याची नोंद व्हावी.

यतिभंग रंगला. फळ्यावर गणित सुरू केलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. म्हणाली, सर, डाव्या फळ्यावर काळ अधिक आहे, उजव्यावर उणे. दोन्ही फळे सुंदर आहेत, पण दोन वेगळ्या माणसांचे वाटतात.

मी पाणी प्यायलो. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. डस्टर सापडेना, तळहाताने उणे पुसलं. क्वार्क एकमेकांकडे धावले. जोड्या जमल्या. विभागप्रमुख म्हणाला, सर, लंबूसरांच्या सिद्धान्ताची इतकी देखणी सिद्धता पाहिली नव्हती. टाळ्या झाल्या. लंबूला.

कविता म्हणायच्या राहिल्या. शर्टाला खडू लागला.

१७ सप्टेंबर
संकल्प: भौतिकशास्त्र बंद. आता फक्त पाठांतर.

लंबूला कळवणं भाग आहे. मजकूर लिहिला: ‘गणितात किरकोळ सुधारणा. सविस्तर भेटीत.’ किरकोळ हा शब्द काढला, घातला, काढला. घरभर चार फेऱ्या. पुन्हा घातला. तेवढ्यात बेल वाजली. बायकोने दार उघडलं आणि म्हणाली, अहो, बघा तरी कोण आलंय.

लंबू. पाठीत वाकलेला, दाढी वाढलेली, हातात बॅग. उंबऱ्यातच बोलायला लागला. म्हणाला, मेल आल्यापासून झोप नाही. तुझं अर्धं तपासलं, बिनचूक. माझं तपासलं, तेही बिनचूक. तुझंच बरोबर आहे रे. माझं सगळं आयुष्य चुकलं. हे मेलवर लिहवेना, म्हणून गाडी पकडली.

तीस वर्षांत हे त्याच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. मी दाराची कडी धरून उभा राहिलो.

म्हटलं, परत म्हण.

म्हणाला.

बायको म्हणाली, अहो, त्यांना आत तरी घ्या. घेतलं. आता तो हातपाय धुतोय, तेवढ्यात हे लिहितोय. चिन्हाचं त्याला सांगायचंच आहे. सांगणारच. आधी चहा होऊ दे. किंवा जेवणच. थकलाय बिचारा.